रूटला एक खोली बंद करायची आहे, तर किल्ली कोणाकडे ठेवणार?

एका पॅथॉलॉजी लॅबमधून प्रश्न आला आहे. लॅबचा एक लिनक्स सर्व्हर आहे, रेड हॅट घराण्यातला. रुग्णांचे रिपोर्ट पीडीएफ होऊन एका फोल्डरमध्ये साठतात, बाकीच्या नोंदी पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये जातात. सर्व्हरची देखभाल बाहेरचे एक गृहस्थ करतात. पॅच टाकणं, अडकलेली सर्व्हिस पुन्हा सुरू करणं, डिस्क भरत आली की जागा करून देणं, एवढंच त्यांचं काम. पण त्यासाठी त्यांच्याकडे रूटचा, म्हणजे लिनक्समधल्या सर्वाधिकारी खात्याचा, पासवर्ड आहे. विचारणाऱ्यांचं म्हणणं असं: "त्यांच्यावर आमचा अविश्वास नाही. पण कोणाचा एचआयव्हीचा रिपोर्ट काय आला हे त्यांना दिसायचं काही कारण नाही. सुडोमध्ये ठरावीक कमांडची यादी करून दिली तर भागेल का? एसईलिनक्स लावा असं एकाने सुचवलं, पण ते आमच्याकडे आधीपासून एन्फोर्सिंग दाखवतंय आणि तरी रूटला सगळं दिसतं. मग त्याचा उपयोग काय?"

आधी शब्दांचे अर्थ. सुडो म्हणजे ठरलेल्या माणसाला रूट म्हणून कमांड चालवू देणारं साधन. एसईलिनक्स म्हणजे कोणी कशाला हात लावायचा हे नियमांच्या संचाने, म्हणजे पॉलिसीने, ठरवणारी लिनक्समधली यंत्रणा; 'एन्फोर्सिंग' म्हणजे ते नियम बजावले जात आहेत. आता उत्तर थोडक्यात. रूट असलेल्या माणसाला एखादं फोल्डर बंद ठेवता येतं, आणि मी ते प्रत्यक्ष करून दिलं आहे. पण त्याला एक अट आहे. ते फोल्डर बंद ठेवणारी पॉलिसी बदलायचा अधिकार त्याच माणसाकडे राहता कामा नये. बँकेत तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे असतात, तसं इथे करावं लागतं. तुमच्याकडे दुसरी किल्ली सांभाळणारं कोणी आहे का, हा माझ्या दृष्टीने पहिला प्रश्न. एसईलिनक्स त्यानंतर.

सुडोच्या यादीचं आधी संपवू, कारण बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात आणि तिथेच समाधान मानतात. तुम्ही त्यांना रूट म्हणून फक्त व्हीआय हा एडिटर चालवायची मुभा दिलीत, समजा. व्हीआयच्या आतून एक उद्गारचिन्ह टाकून शेल, म्हणजे कमांड लिहायची जागा, उघडता येतं, आणि ते शेल पूर्ण रूटचं असतं. फाइल वाचायच्या लेस या कमांडमधून तसंच होतं. फाइंड आणि टार या कमांडना दुसरी कमांड चालवायला सांगता येतं. यादी कितीही काळजीपूर्वक केली, तरी सुडो दारावर फक्त नाव विचारतो. आत गेल्यावर माणूस काय करतो याच्याशी त्याला देणंघेणं नाही. सुडो हवाच, कारण कोणी कधी काय चालवलं याची नोंद त्यातून मिळते. पण रिपोर्ट लपवायचं काम त्याच्याकडून होणार नाही.

आता एन्फोर्सिंगचं कोडं. लिनक्समध्ये फाइल उघडताना कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, दोन वेगळे प्रश्न विचारतो. पहिला जुना युनिक्सचा: फाइलचा मालक कोण, ग्रुप कोणता, वाचायची परवानगी आहे का? या प्रश्नाला रूटसाठी पळवाट आहे. २.२ कर्नलपासून रूटच्या अधिकारांचे तुकडे केले गेले, त्यांना केपेबिलिटी म्हणतात, आणि त्यातली एक केपेबिलिटी फाइलच्या परवानग्या ओलांडून जाऊ देते. म्हणून तुम्ही फोल्डरवर ७०० (फक्त मालकाला मुभा) लावा नाहीतर ००० (कोणालाच नाही), रूटला फरक पडत नाही. दुसरा प्रश्न एसईलिनक्सचा: या प्रोसेसचं, म्हणजे चालू प्रोग्रॅमचं, एसईलिनक्सने लावलेलं लेबल काय, फाइलचं लेबल काय, आणि पॉलिसीत या जोडीसाठी नियम आहे का? नियम नसेल तर नकार. इथे यूआयडी, म्हणजे वापरकर्त्याचा क्रमांक, शून्य (रूट) आहे की एक हजार (साधा वापरकर्ता), हे बघितलंच जात नाही. इतकंच काय, ती केपेबिलिटी वापरायलाही पॉलिसीची संमती लागते. पहिल्या प्रश्नालाच नकार मिळाला, तर दुसरा विचारलाच जात नाही. हे लक्षात ठेवा, लॉग वाचताना उपयोगी पडेल.

मग तुमच्या सर्व्हरवर रूटला नकार का मिळत नाही? कारण तुमच्याकडे आहे ती 'टार्गेटेड' पॉलिसी. तिची रचनाच अशी आहे की वेब सर्व्हर, डेटाबेस, मेल अशा बाहेरून हल्ला होऊ शकणाऱ्या सर्व्हिसना कुंपण घालायचं आणि लॉगिन करणाऱ्या माणसाला मोकळं सोडायचं. सेमॅनेज या एसईलिनक्सच्या कमांडने लॉगिनची यादी काढून बघा. डीफॉल्ट आणि रूट या दोन्ही ओळींसमोर 'अनकन्फाइन्ड_यू' दिसेल. अनकन्फाइन्ड म्हणजे पॉलिसीने ज्याला जवळपास सगळ्याच गोष्टींची संमती आधीच देऊन ठेवली आहे असा. एसईलिनक्स तुमच्याकडे चालू आहे आणि नीट काम करतंय. या माणसाला अडवायला त्याला कोणी सांगितलेलंच नाही.

हे कागदावरचं तंत्र नाही, हेही सांगायला हवं. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने एसईलिनक्स २००० च्या डिसेंबरमध्ये जाहीर केलं आणि २००३ मध्ये २.६ कर्नलबरोबर ते मुख्य लिनक्समध्ये आलं. रसेल कोकर या ऑस्ट्रेलियन डेव्हलपरने तर डेबियन या लिनक्सच्या प्रकारावर एक 'प्ले मशीन' उभं केलं होतं: रूटचा पासवर्ड जगजाहीर, कोणीही इंटरनेटवरून रूट म्हणून लॉगिन करा आणि काही बिघडवता येतं का बघा. रूट होऊनही पाहुण्यांचे हात पॉलिसीने बांधलेले. तुमच्या खिशातल्या फोनमध्येही हेच आहे. अँड्रॉइड ५.० पासून तिथे एसईलिनक्स पूर्ण एन्फोर्सिंगमध्ये चालतं, आणि रूट म्हणून चालणाऱ्या प्रोसेसही आपापल्या कुंपणातच असतात.

तर आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते बघू. लॅबमध्ये तुमचा स्वतःचा, महिन्यातून दोन तास देऊ शकणारा आणि शिकायची तयारी असलेला एक माणूस असेल, तर पुढचं सगळं जमेल. तसा कोणी नसेल आणि पॉलिसीही त्या देखभाल करणाऱ्यांकडूनच लिहून घेणार असाल, तर करू नका. कुंपणच शेताची राखण करतंय की खातंय हे कळायला मार्ग राहणार नाही. अशा वेळी रिपोर्टचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना गाठा आणि फाइल साठवतानाच एन्क्रिप्ट करायला लावा, किल्ली दुसऱ्या मशीनवर ठेवून. दुसरं म्हणजे सर्व्हर कुठे आहे? लॅबच्या कपाटात आहे, की व्हर्च्युअल मशीन आहे आणि त्याच्या खालचा हायपरव्हायझरही (व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) तेच गृहस्थ सांभाळतात? हायपरव्हायझर त्यांच्याकडे असेल, तर ते डिस्कचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची नक्कल, घेऊन दुसरीकडे उघडू शकतात आणि तुमच्या पॉलिसीला त्याचा पत्ताही लागणार नाही. क्लाउडवर असाल तर क्लाउडच्या खात्याचंही तेच.

हे दोन मुद्दे निभावत असतील, तर मी कसं करते ते सांगते.

सगळ्यात आधी एका वाक्यात लिहून काढायला सांगते: या माणसाला नेमकं काय करता येऊ नये? "जास्त अधिकार नकोत" हे उत्तर चालत नाही. "रिपोर्टच्या फाइल आणि डेटाबेसमधल्या नोंदी वाचता येऊ नयेत" हे चालतं. एकच गोष्ट बंद करायची असेल तर पॉलिसी दोन पानांत मावते. दहा बंद करायला गेलात, तर तिसऱ्या आठवड्यात कोणीतरी वैतागून सेटएन्फोर्स शून्य करतं, म्हणजे एसईलिनक्सची सक्तीच काढतं, आणि ती परत लावायची राहून जाते.

मग भूमिकेची, म्हणजे अधिकारांच्या संचाची, निवड. इथे बहुतेकांची चूक होते. एसईलिनक्समध्ये तयार 'सिसअ‍ॅडम' भूमिका असते, नाव बघून वाटतं की हीच आपल्याला हवी. पण सिसअ‍ॅडम जवळजवळ सगळ्या साध्या फाइल वाचू शकतो, आणि मूळ पॉलिसीत पॉलिसी बदलायचा अधिकारही त्याच्याकडेच असतो. तो वेगळा काढायची सोय आहे, 'सिसअ‍ॅडम_सेकअ‍ॅडम' हे मॉड्यूल बंद करून सुरक्षेचा कारभार 'सेकअ‍ॅडम' भूमिकेकडे देता येतो. पण ती वाट वर्गीकृत माहिती हाताळणाऱ्या, एमएलएस (गुप्ततेच्या पातळ्या पाळणारी) पॉलिसी चालवणाऱ्या ठिकाणांसाठी बरी. तुमच्यासाठी मी उलट्या बाजूने जाईन. त्या गृहस्थांचं लॉगिन 'स्टाफ_यू' ला जोडायचं. स्टाफ म्हणजे साधा वापरकर्ता, फक्त त्याला सुडोने ठरलेल्या भूमिकेत जाता येतं. मग सेपॉलिसी जनरेट या साधनातल्या 'कन्फाइन्ड अ‍ॅडमिन' पर्यायाने एक नवी भूमिका तयार करायची. तिला आपण लॅबअ‍ॅडमिन म्हणू. सुरुवातीला तिच्याकडे जवळपास काहीच नसतं. त्यांच्या कामाला जे लागेल तेवढंच एकेक करून द्यायचं. सुडोअर्स या सुडोच्या सेटिंगच्या फाइलमध्ये त्यांच्या ओळीत रोल (भूमिका) आणि टाइप (लेबलमधला प्रकार) लिहिला, की ते रूट होतात ते लॅबअ‍ॅडमिन म्हणूनच. यूआयडी बदलतो, पण एसईलिनक्सचा वापरकर्ता स्टाफ_यू तसाच राहतो. सुडो करा, एसयू करा, तो शिक्का पुसला जात नाही.

फोल्डरला स्वतःचा टाइप द्यायचा, म्हणजे त्याला वेगळं लेबल मिळतं. समजा 'लॅबरिपोर्ट_टी'. सेमॅनेज एफकॉन्टेक्स्टने नियम नोंदवायचा आणि रिस्टोरकॉनने तो फाइलवर उतरवायचा. नुसतं सीएचकॉन करू नका, म्हणजे नियम न नोंदवता लेबल हाताने बदलू नका. पुढच्या रीलेबलला, म्हणजे सगळी लेबलं नव्याने लावताना, ते पुसलं जातं. आणि रिपोर्ट बनवणाऱ्या सॉफ्टवेअरला स्वतःचं डोमेन (चालू प्रोग्रॅमचा टाइप) देऊन फक्त त्यालाच हा टाइप वाचायची-लिहायची संमती. एक बारीक गोष्ट: सीपीने नक्कल केलेली फाइल नव्या जागेचं लेबल घेते, एमव्हीने हलवलेली फाइल जुन्या जागेचं लेबल बरोबर नेते. दुसऱ्या फोल्डरमधून एमव्हीने आणलेले रिपोर्ट उघडे राहिलेले मी पाहिले आहेत.

नवा टाइप जाहीर केला म्हणजे तो बंद झाला असं समजू नका. पॉलिसीत बऱ्याच परवानग्या एकेका टाइपला दिलेल्या नसतात, टाइपच्या गटाला दिलेल्या असतात. तुमचा टाइप साधी फाइल म्हणून गटात गेला, की त्या गटावर हक्क असलेल्या सगळ्या डोमेनना तो आपोआप दिसतो. म्हणून मी प्रत्येक वेळी पॉलिसीत शोधणाऱ्या एसईसर्च या साधनाला विचारते: या टाइपची फाइल वाचायची संमती कोणाकोणाला आहे? पहिल्यांदा हे करून बघणारा माणूस उत्तराची लांबी बघून गप्प होतो. ती यादी वाचा, प्रत्येक नावाला "हा कशाला?" असं विचारा. बॅकअपचा प्रोग्रॅम त्यात दिसेलच. म्हणजे बॅकअपची फाइल कोणाच्या हातात पडते तेही ठरवायला लागेल.

हे सगळं जमलं की टर्मिनलवर काय दिसतं ते सांगते. माणूस सुडो करतो. आयडी विचारतो: यूआयडी शून्य, रूट. आयडी डॅश झेड विचारतो (एसईलिनक्सचा वापरकर्ता, भूमिका आणि टाइप): स्टाफ_यू, लॅबअ‍ॅडमिन_आर, लॅबअ‍ॅडमिन_टी. रिपोर्टचं फोल्डर ज्याच्या आत आहे तिथे एलएस डॅश एल करून यादी काढतो. बाकीच्या ओळी नेहमीसारख्या, पण रिपोर्टच्या ओळीत परवानग्या, मालक, आकार, तारीख या सगळ्यांच्या जागी प्रश्नचिन्हं. कॅटने फाइल वाचायला जातो: परमिशन डिनाइड. त्याच क्षणी ऑडिट लॉगमध्ये एव्हीसीची, म्हणजे एसईलिनक्सच्या नकाराची, एक ओळ पडते, तिच्यात नाकारलेली क्रिया, कमांडचं नाव, विचारणाऱ्याचं लेबल, फाइलचं लेबल आणि शेवटी 'परमिसिव्ह शून्य', म्हणजे नकार खरोखर बजावला गेला. वीस वर्षं रूट म्हणजे सर्वेसर्वा असं धरून चाललेला माणूस ती प्रश्नचिन्हं बघतो तेव्हा थोडा वेळ कळफलकावरचे हात उचलून बसतो. मी स्वतः पहिल्यांदा तशीच बसले होते.

त्या प्रश्नचिन्हांबद्दल एक निर्णय मुद्दाम घ्यावा लागतो. डिस्क साफ करणाऱ्याला कोणतं फोल्डर किती मोठं आहे हे कळायला हवं, म्हणून फाइल वाचू न देता फक्त फोल्डरमधली यादी आणि आकार बघू द्यावेत असा मोह होतो. पण लॅबमध्ये फाइलचं नावच बहुतेक वेळा रुग्णाचं नाव आणि तपासणीचं नाव असतं. यादी दिसली म्हणजे अर्धा रिपोर्ट दिसला. त्यापेक्षा रिपोर्टसाठी वेगळं पार्टिशन करा. डीएफने ते किती भरलंय ते त्यांना कळेल, आत काय आहे ते कळणार नाही. मात्र त्या पार्टिशनचं कच्चं डिव्हाइस डीडी या नक्कल करणाऱ्या कमांडने वाचायची परवानगी चुकूनही देऊ नका, नाहीतर पुढचं दार लावून मागची भिंत पाडल्यासारखं होईल.

आता खऱ्या अवघड भागाकडे येऊ. थेट वाचणं बंद झालं, पण वळसा घालून वाचता येतं का? माझा सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, आणि जायला हवा.

पॅकेज बसवण्याचा अधिकार सगळ्यात फसवा. आरपीएम पॅकेजच्या (रेड हॅट घराण्यात सॉफ्टवेअर ज्या गाठोड्यातून येतं त्याच्या) आत स्क्रिप्ट असतात, त्या बसवताना चालतात, आणि टार्गेटेड पॉलिसीत त्या 'आरपीएम_स्क्रिप्ट_टी' डोमेनमध्ये, म्हणजे जवळपास मोकळ्या हातांनी चालतात. स्वतः बनवलेलं पॅकेज बसवता आलं, तर त्याच्या स्क्रिप्टमधून रिपोर्ट कुठेही नेता येतात. म्हणून "पॅच टाकणं" या कामासाठी मी पॅकेज बसवणारी डीएनएफ कमांड हातात देत नाही. डीएनएफ-ऑटोमॅटिकची सर्व्हिस ठरलेल्या रिपॉझिटरीवरून (पॅकेजच्या साठ्यावरून), सही तपासून अपडेट आणते. माणसाला ती सर्व्हिस सुरू करायची परवानगी द्यायची, आणि रिपॉझिटरीची सेटिंग लिहायची परवानगी द्यायची नाही. काम तेच होतं, निवड त्याच्या हातात राहत नाही.

सर्व्हिस पुन्हा सुरू करण्याचंही तसंच. सर्व्हिस सुरू-बंद करणारा सिस्टमडी स्वतः एसईलिनक्सला विचारतो, त्यामुळे अमुक युनिट (सर्व्हिस) सुरू-बंद करता येईल, तमुक नाही, असं वेगवेगळं देता येतं. पण युनिटची फाइल लिहायची मुभा मिळाली, तर तो नवी सर्व्हिस बनवून हवा तो प्रोग्रॅम सिस्टमडीकडून चालवून घेईल, आणि असा प्रोग्रॅम सहसा 'अनकन्फाइन्ड_सर्व्हिस_टी' मध्ये जातो. ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सिस्टमच्या क्रॉनचा धोका याच जातीचा. सुरू-बंद करू द्या, लिहू देऊ नका.

तिसरा वळसा माणसांमधून जातो. रिपोर्ट बघणाऱ्या डॉक्टरांचा पासवर्ड बदलता आला, किंवा त्यांच्या एसएसएचच्या (दुरून लॉगिन करायच्या) किल्ल्यांच्या फाइलमध्ये एक ओळ घालता आली, की त्यांच्या नावाने लॉगिन करता येतं. पोस्टग्रेसचंही बघा. डेटाबेसच्या फाइल बंद केल्या, पण स्थानिक लॉगिनला 'पीअर' पद्धत (लिनक्सच्या वापरकर्त्याचं नाव जुळलं की पासवर्डशिवाय प्रवेश) असेल तर पोस्टग्रेस वापरकर्ता होऊन पीएसक्यूएल हे डेटाबेसचं साधन उघडलं की सगळी टेबलं समोर. त्यामुळे लॅबअ‍ॅडमिनला दुसऱ्याचा वापरकर्ता होणं, पासवर्ड बदलणं आणि पोस्टग्रेसच्या सॉकेटला (जोडणीच्या दाराला) जोडणं, यांपैकी काहीच द्यायचं नाही. लेबल बदलायची परवानगी तर नाहीच. फाइलचं लेबल बदलता आलं की बाकी नियमांना अर्थ उरत नाही.

चौथा वळसा माहितीच्या सांडण्याचा. एका रुग्णालयात मी पॉलिसी पूर्ण करून, तपासून दिली होती. फोल्डर बंद, डेटाबेस बंद, एसईसर्चची यादी चार नावांची. आठवड्याने तिथल्याच एका तंत्रज्ञ मुलीने विचारलं, "मॅडम, प्रिंटरच्या रांगेतल्या फाइल चालतील का दिसल्या?" रिपोर्ट छापायला गेला की त्याची प्रत प्रिंट स्पूलमध्ये, म्हणजे छपाईच्या रांगेत, पडत होती, छापून झालेली कामंही जपून ठेवायची असं सेटिंग होतं, आणि स्पूलचं लेबल अर्थातच प्रिंटरचं. कित्येक महिन्यांचे रिपोर्ट तिथे व्यवस्थित साठलेले होते. मला ते सुचलं नव्हतं. तेव्हापासून मी पॉलिसी लिहायच्या आधी एक खोटा रिपोर्ट तयार करते, त्यात एक विचित्र शब्द घालते, तो छापते, ईमेल करते, बॅकअप घेते, आणि मग संपूर्ण डिस्कवर तो शब्द शोधते. टेंप, स्पूल, मेलची रांग, प्रोग्रॅम कोसळल्यावर पडलेले डंप (मेमरीच्या प्रती): जिथे सापडेल ती प्रत्येक जागा बंद करण्याच्या यादीत जाते. पीडीएफमधला मजकूर आत दाबून ठेवलेला असतो, म्हणून तो शब्द फाइलच्या नावातही घाला.

आता दुसरी किल्ली. पॉलिसी सांभाळणारी व्यक्ती तुमची, वेगळ्या लॉगिनची, आणि ती रोजच्या देखभालीला हात लावत नाही. सगळं स्थिर झालं की 'सिक्युअर_मोड_पॉलिसीलोड' हा बूलियन, म्हणजे पॉलिसीतलं चालू-बंद बटण, चालू करता येतो. तो लागला की पॉलिसी लोड करणं, परमिसिव्हला जाणं (नकार फक्त नोंदवणं, बजावणं नाही), बूलियन बदलणं, सगळं बंद. परत उघडायला रीबूटच करावं लागतं. 'सिक्युअर_मोड_इन्समॉड' कर्नल मॉड्यूल चढवणं बंद करतो, आणि तेही महत्त्वाचं, कारण कर्नलमध्ये स्वतःचा कोड घुसवता आला तर वरची सगळी पॉलिसी त्याच कर्नलच्या भरवशावर उभी आहे.

आणि रीबूट म्हणजेच ग्रब, मशीन सुरू होताना कर्नल चढवणारा प्रोग्रॅम. ग्रबच्या मेनूवर ई दाबून कर्नलच्या ओळीत एन्फोर्सिंग शून्य किंवा एसईलिनक्स शून्य लिहिलं, की मशीन कुंपणाशिवाय उठतं. म्हणून ग्रबला पासवर्ड लावा, ग्रबच्या फाइल लॅबअ‍ॅडमिनला लिहू देऊ नका, बायोसला पासवर्ड, बाहेरच्या यूएसबीवरून बूट बंद, आणि डिस्क एन्क्रिप्ट करून तिचा पासफ्रेज तुमच्या माणसाकडे. याची किंमत आहे: रात्री वीज जाऊन सर्व्हर बंद पडला, तर तो उठवायला तुमचा माणूस लागेल. ही किंमत मोजायची आहे का हे लॅबनेच ठरवायचं. पण किंमत न मोजता हमी मिळेल असं मी सांगणार नाही.

कामाच्या क्रमाबद्दल. संपूर्ण मशीन परमिसिव्ह करून शिकायला जाऊ नका; त्या काळात बाकी सगळ्या सर्व्हिसचं संरक्षणही जातं. सेमॅनेज परमिसिव्हने फक्त लॅबअ‍ॅडमिन_टी हे एक डोमेन परमिसिव्ह करा. त्या गृहस्थांना महिनाभर नेहमीसारखं काम करू द्या, एक महिनाअखेरचं काम आणि एक पॅच त्यात येऊ द्या. नकार नोंदले जातील, पण काम अडणार नाही. नंतर ऑडिट लॉगमध्ये शोधणाऱ्या एयूसर्चने त्या नोंदी काढा. काही नकार पॉलिसीत मुद्दाम गप्प ठेवलेले असतात. काहीतरी अडतंय पण लॉगमध्ये ओळच नाही असं झालं, तर सेमॉड्यूल डॅश डीबीने ते थोडा वेळ बोलते करा. आणि ऑडिटटूअलाऊचा आंधळा वापर करू नका. तो विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला हो म्हणणारा नियम लिहून देतो. महिनाभरात कोणी सहज रिपोर्टच्या फोल्डरमध्ये डोकावलं असेल, तर तोही नियम त्यात येईल आणि जे बंद करायला निघालात तेच उघडून बसाल. प्रत्येक ओळ वाचून, गरज पटली तरच घ्या. लॉगिनचं मॅपिंग बदलताना एक रूट सेशन दुसऱ्या खिडकीत उघडं ठेवा. नवं लॉगिन पूर्ण चालतंय हे पाहिल्याशिवाय ते बंद करू नका.

लॉगचं एवढंच सांगते की ते या मशीनवर राहू नयेत. ऑडिटची नोंद लगेच दुसऱ्या मशीनवर जायला हवी, जिथे या गृहस्थांचं लॉगिन नाही. ऑडिटसीटीएलने 'ई २' केलं की रीबूट होईपर्यंत ऑडिटचे नियम कोणालाच बदलता येत नाहीत. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपायचे असतातच, तेव्हा ही सोय तशीही लागणार आहे. आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याप्रमाणे काम बाहेरच्याकडून करून घेतलं, तरी रुग्णांच्या माहितीची जबाबदारी लॅबचीच राहते. मालकांना खर्च पटवून देताना हे दोन मुद्दे कामाला येतील.

कोणी तुम्हाला उबुंटू हा लिनक्सचा दुसरा प्रकार आणि त्यातली एसईलिनक्ससारखी यंत्रणा अ‍ॅपआर्मर सुचवेल. अ‍ॅपआर्मर २०१० पासून मुख्य कर्नलमध्ये आहे, शिकायला सोपं आहे, आणि एखाद्या प्रोग्रॅमला कुंपण घालायला मी ते आनंदाने वापरते. पण ते फाइलच्या पथावर (डिस्कवरच्या पत्त्यावर) चालतं आणि प्रोग्रॅमभोवती रचलेलं आहे. लॉगिनपासून पुढे माणसाचा शिक्का टिकवून भूमिका वाटून द्यायला एसईलिनक्स जास्त योग्य, आणि तुमच्याकडे ते आधीच बसवलेलं आहे. फक्त यासाठी सर्व्हर बदलू नका.

शेवटी त्या गृहस्थांबद्दल. हे काम त्यांच्या नकळत करू नका. त्यांना समोर बसवा आणि सांगा की उद्या एखादा रिपोर्ट बाहेर फुटला, तर पहिला संशय ज्याच्याकडे रूट आहे त्याच्यावर येतो. हे कुंपण असेल तर लॉग दाखवून त्यांना हात वर करता येतील. मी ज्या ज्या अ‍ॅडमिनला हे असं सांगितलं, त्यांच्यातल्या बहुतेकांनी पुढे मदतच केली, आणि दोन वळसे तर त्यांनीच दाखवून दिले. अडीअडचणीसाठी अनकन्फाइन्ड लॉगिनचा एक पासवर्ड कागदावर लिहून, पाकिटात बंद करून, पाकिटावर दोघांच्या सह्या घेऊन लॅबच्या कपाटात ठेवा. ते फोडलं तर तारीख, वेळ आणि कारण वहीत लिहायचं आणि दुसऱ्या दिवशी पासवर्ड बदलायचा. सुरुवात मात्र आज करता येईल: तो खोटा रिपोर्ट तयार करा, छापा, आणि त्यातला शब्द डिस्कवर कुठे कुठे सापडतो ते बघा. ती यादी मला कळवलीत, तर पॉलिसीत नेमकं काय काय लिहावं लागेल ते पुढे सांगता येईल.